मोराचा खांब ताणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण चाळीसगावच्या कॉलेजातल्या पोरांच्या खेळावर लेख छापलात. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि जिथे जमेल की नाही अशी शंका येते तिथे २० बाजूंचा फासा टाकायचा, असा तो खेळ. पोरांनी त्यासाठी जवळच्या पाटणच्या मठावर बेतलेलं एक साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, लिहिलं आणि त्याची ३२ पानी पुस्तिका काढली. पुण्या-मुंबईबाहेरच्या पोरांची एवढी दखल घेतलीत, बरं वाटलं. लेखकाचं कौतुकही केलंत. तो माझा भाचा आहे, त्यामुळे त्यावर मी जास्त बोलत नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. लेखात चित्रांना आणि पानांच्या मांडणीला ‘सुंदर सजावट’ म्हणून एका वाक्यात वाटेला लावलं आहे. आणि त्याच लेखाच्या मधोमध पुस्तिकेतलं मोर-सापाचं चित्र छापताना, ते जागेत नीट बसेना म्हणून, उभं ताणलं आहे. खाली चित्रकाराचं नाव नाही.

मी या पुस्तिकेची पानं लावली. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल आणि निवडणुकीची पत्रकं लावण्यात माझी उमर गेली. संगणकावर पेजमेकर आणि श्री-लिपीपासून सुरुवात केली, आता इनडिझाइनवर आहे. त्यामुळे रात्री पान सोडायच्या घाईत फोटो ताणणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. उमेदवाराचा फोटो आडवा ताणला तर उमेदवार जरा भरलेला दिसतो, आणि बहुतेकदा त्याला ते आवडतंही. हे चित्र मात्र ताणलं की मोडतं. कसं ते सांगते.

कोडं भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं आहे. ९ हात उंच खांब, त्याच्या बुडाशी सापाचं बीळ, खांबावर मोर. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडली? आमच्या साहसात मठाच्या तळघराचं दार या उत्तरावर उघडतं. भास्कराचार्यांची रीत सोपी आहे: खांबाच्या उंचीच्या वर्गाला अंतराने भागायचं, आलेली संख्या अंतरातून वजा करायची आणि उरेल त्याचं निम्मं करायचं. ८१ भागिले २७ म्हणजे ३, २७ वजा ३ म्हणजे २४, निम्मे १२.

आता चित्र. चित्र काढणाऱ्या मुलीने ते मापात काढलं आहे. ३ हातांना १ सेंटिमीटर. खांब ३ सेंटिमीटर, बिळापासून सापाच्या डोक्यापर्यंत ९. आमच्याकडे खेळ लागला तेव्हा दारापाशी येऊन सगळे अडले. “आते काय करानं?” असं एकमेकांना विचारून झालं, वह्या उघडून झाल्या. मग त्यांच्यातल्या एका मुलीने ओढणीच्या काठाचा एक दोरा उपसला. एक टोक सापाच्या डोक्यावर धरलं, दोरा जमिनीलगत बिळाच्या दिशेने ताणला, मध्येच एका जागी बोट दाबलं आणि सापाकडचं टोक उचलून वर मोराकडे फिरवलं. दोरा जास्त झाला की बोट सापाकडे सरकवायचं, तोकडा पडला की खांबाकडे. बोट एका जागी थांबलं, तिथून बिळापर्यंत पट्टी लावली तर ४ सेंटिमीटर. म्हणजे १२ हात. दार उघडलं.

भाच्याचं म्हणणं पडलं की ही चोरी झाली, पुढच्या छपाईत चित्र मुद्दाम मापाबाहेर काढू. चित्रकार मुलगी आणि मी, दोघी त्याच्यावर उठलो. ज्या पोरीला भागाकाराचा कंटाळा तिने भूमितीने दार उघडलं, यात चोरी कसली? चित्र तसंच राहिलं. आणि आपण ते उभं ताणलंत. अंकातल्या चित्रावर मी पट्टी ठेवून पाहिली, खांब जवळपास दुप्पट उंच झाला आहे. १८ हातांचा खांब धरला तर उत्तर साडेसात हात येतं, आणि साडेसात हातांवर आमचं दार उघडत नाही. पुन्हा छापणार असाल तर एवढंच पाहा: साप ते खांब हे अंतर खांबाच्या उंचीच्या तिप्पट. जागा कमी असेल तर चित्र लहान करा, ताणू नका.

हे उदाहरण सगळ्यात ढोबळ म्हणून आधी दिलं. पण या खेळाच्या पुस्तिकेत असं प्रत्येक पानावर चालतं, आणि लेख लिहिणाऱ्याच्या नजरेतून नेमकं तेच निसटलं. कादंबरीत चित्र नसलं तरी कादंबरी वाचता येते. साहसाच्या पुस्तिकेतलं चित्र खेळाडूंच्या हातात द्यायचं असतं. सूत्रधार ते टेबलावर ठेवतो आणि विचारतो, काय दिसतंय? मग पोरं त्याच्यावर वाकतात, बोटं लावतात, भांडतात. ही युक्ती आमची नाही. हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका घालून विकायला काढला. पुढे १९७८ साली गायगॅक्स यांचं एक साहस निघालं, त्याच्यासोबत फक्त चित्रांची वेगळी पुस्तिका होती. अमुक जागी पोचले की अमुक चित्र खेळाडूंना दाखवायचं. ती चित्रं डेव्हिड ट्रॅम्पियर आणि डेव्हिड सदरलँड यांची. पन्नासेक वर्षं होत आली, तरी खेळणाऱ्यांना ही नावं माहीत आहेत. मी त्या काळच्या पुस्तिकांची पानं भाच्याकडून मागवून बारकाईने पाहिली. छपाई साधी, बरीचशी एकरंगी, पण सोय बघा: जाड कव्हर सुटं असायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला निळ्या रंगात नकाशा. कव्हर उभं केलं की खेळाडूंना बाहेरचं चित्र दिसतं आणि सूत्रधाराला आतला नकाशा. ज्याने हे ठरवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

म्हणून मी चित्रकार मुलीला चित्राची मागणी लिहून देते तेव्हा त्यात ‘सुंदर’ हा शब्द नसतो. त्यात असतं: दार उत्तरेला, कुलूप नाही, उंबऱ्यावर तेलाचा डाग, खांब ६, डावीकडून तिसरा तुटका, समईत वात आहे पण तेल नाही. मजकुरात जे आहे ते चित्रात हवं, आणि मजकुरात जे लपवलं आहे ते चित्रात दिसताही कामा नये, खोटंही पडता कामा नये. यातलं शेवटचं फार कठीण. पोथीशाळेच्या पश्चिमेच्या भिंतीत चोरदार आहे. ते दाखवलं तर खेळ संपला, आणि भिंत सपाट काढली तर नंतर खेळाडू म्हणणार, चित्रात तर काहीच नव्हतं, तुम्ही आता बनवताय. तिने काय केलं, तर दगडाच्या छायेच्या रेघा सगळ्या भिंतीवर एका दिशेने ओढल्या आणि दाराएवढ्या भागात त्यांचा कल किंचित बदलला. सहज बघणाऱ्याला भिंतच दिसते. दार सापडल्यावर परत तेच चित्र समोर घेऊन बघितलं की पोरं कपाळावर हात मारून घेतात.

साहसाचा पाया इथलाच आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला, इ.स. १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख आपल्या पाटणादेवीच्या परिसरातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृतात आहे आणि शेवटाकडे मठाला काय काय द्यायचं याचा मजकूर त्या काळच्या मराठीत. भाच्याच्या गोष्टीत मठाची एक पोथी एका रात्रीत नाहीशी होते आणि खेळाडू म्हणजे तिथे शिकणारे विद्यार्थी. बाकी गोष्ट सांगत नाही, कोणाला खेळायची असेल.

पण मठ कसा दिसायचा हे कोणालाच ठाऊक नाही, मग काढायचं काय? इंटरनेटवर ‘तळघर’ शोधलं की विटांच्या कमानी, लोखंडी मशाली आणि युरोपातले बुरूज येतात. मी चित्रकार मुलीला म्हटलं, आधी पाटणला जा. कण्हेरगडाच्या अंगाची नागार्जुन कोठडी आणि सीतान्हाणी ही लेणी बघ, देवीच्या मंदिराचे खांब बघ. जमलं तर घाट चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांना जा आणि तिथली हत्तींची रांग काढून आण. ती गेली, वही भरून आणली. आपला दगड काळा, बसाल्टचा. त्यात कोरलेल्या खोलीला विटेचा सांधा नसतो, छत आणि भिंत एकाच दगडाची. उजेड एकाच बाजूने, दाराकडून येतो आणि मागे जाता जाता संपतो. हे एकदा कळलं की चित्रातली भीती आपोआप येते, कवट्या टांगाव्या लागत नाहीत.

उजेडाचा अंदाज मात्र वहीतल्या रेखाटनांवरून येईना. आमच्या गावात स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचा बंगला आहे. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडायचा आणि पूर्ण देखावा उभा करून त्याचा फोटो घ्यायचा, ही टेबलटॉप फोटोग्राफी त्यांची खासियत. बाहेरून येणारे आवर्जून बघून जातात, गावातल्या किती जणांनी आत पाऊल टाकलंय कोण जाणे. ती मुलगी तिथून बघून आली आणि माझ्या दुकानात कार्डांच्या खोक्यांचे पुठ्ठे मागायला लागली. पुठ्ठ्याची खोली केली, कपाशीच्या रानातली काळी माती ओली करून आतून लिंपली, सहा खांब उभे केले, दिवे घालवले आणि दारातून मोबाइलची बॅटरी मारली. तुटक्या खांबाची सावली कुठे पडते ते तिथे बघून काढलंय. आपल्या लेखात ज्याला सजावट म्हटलं ते हे.

मिरचीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या कच्च्या चित्रात मठाच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. खानदेशातलं अंगण म्हटल्यावर हात आपसूक तिकडेच जाणार. पण १२०७ साली इथे मिरची नाही. ती पोर्तुगिजांच्या मागे आली, म्हणजे तीनेकशे वर्षांनी. टोमॅटो नाही, बटाटा नाही, मका नाही, शेंगदाणा नाही. किल्ल्यावर तोफ नाही. मिरच्या खोडून तिथे तिने तीळ पाखडणारी बाई काढली. भाचा आठवडाभर विचारत होता, मग मठातले लोक भाजी कशी खात असतील? मिरी, आलं घालून खात असतील, तुला काय करायचंय.

आता पानांकडे येते, कारण ते माझं काम आणि त्याची तर लेखात चार शब्दांची बोळवण आहे.

सूत्रधार पुस्तिका वाचत नसतो. तो बोलत असतो, फासा उचलत असतो, कोणीतरी भलतंच काही करून बसलेलं असतं, आणि या सगळ्यात तो एका डोळ्याने पानाकडे बघतो. त्या एका नजरेत त्याला हवं ते मिळालं पाहिजे. म्हणून एका खोलीचं सगळं समोरासमोरच्या दोन पानांत संपलं पाहिजे. पान उलटावं लागलं की टेबलावरची गोष्ट थांबते. प्रत्येक जोडपानाच्या वरच्या कोपऱ्यात मी नकाशाचा तेवढाच तुकडा पुन्हा छापला आहे, चालू खोली काळ्या जाड रेघेत आणि शेजारच्या बारीक रेघेत. प्रेसवाला म्हणाला, तेच तेच चित्र किती वेळा? त्याला म्हटलं, एक डाव सूत्रधार होऊन बस, मग बोल.

खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर चौकटीत टाकायची जुनी पद्धत आहे. भाचा मोठमोठ्या चौकटी लिहायचा. खेळ चालू असताना मी मागे बसून पाहिलं: तिसऱ्या ओळीला पोरं फरसाणाकडे वळतात. चौकट तीन ओळींवर आणली. दुसरं म्हणजे त्याची लिहिण्याची तऱ्हा. आधी छताचं नक्षीकाम, मग धुपाचा वास, मग पोथ्यांचे गठ्ठे, आणि परिच्छेदाच्या टोकाला कोपऱ्यात बिबट्या बसलेला. माणूस खोलीत शिरल्यावर आधी बिबट्या बघेल की नक्षी? बिबट्या वर घेतला, जाड टायपात. नक्षी त्याच्याखाली बारीक टायपात, कोणी विचारलंच तर. गौताळ्याच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं, याचंच मला नवल.

भाच्याने नमुना म्हणून आणलेल्या पुस्तिका सगळ्या रोमन लिपीतल्या होत्या. त्यात खोलीची नावं कॅपिटल अक्षरांत, वस्तू तिरप्या अक्षरांत, धोके अधोरेखित. जसंच्या तसं कर म्हणाला. देवनागरीला कॅपिटल नाहीत. तिरपी देवनागरी शिरोरेषेसकट कलंडते आणि वाचणाऱ्याची मान वाकडी होते. अधोरेखा ‘गुहा’चा उकार आणि ‘वृक्ष’चा ऋकार चिरत जाते. राहिलं काय, तर अक्षराची जाडी, आकार आणि मोकळी जागा. आम्ही एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट घेतला; त्यात बारीकपासून अगदी जाडपर्यंत बरीच वजनं आहेत आणि तो फुकट मिळतो. मजकूर ११ पॉइंट आणि ओळीला १६ पॉइंट जागा, म्हणजे वरचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसत नाहीत. खेळ तळघरातला असल्यामुळे पायऱ्या, कोपऱ्यात, दुसऱ्या, उंबऱ्यावर ही अक्षरं पानोपानी. तो अर्धा र नीट न दाखवणारे फॉन्ट पहिल्याच पानावर बाद केले. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला विसरलं तर जोडाक्षरं फुटतात, आणि भाषा मराठी निवडली नाही तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नव्याने हे काम शिकणाऱ्या पोरांनी एवढं लिहून ठेवावं.

आणखी एक अडचण पुस्तकवाल्यांना नसते, आम्हाला असते. संध्याकाळी लाइट जाते. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात राखाडी पट्ट्यावर छापलेला मजकूर गायब होतो, आणि नकाशावर बारीक छापलेले १ आणि ९ सारखेच दिसतात. म्हणून राखाडी पट्टे काढले, खोल्यांचे आकडे १४ पॉइंटला नेऊन पांढऱ्या गोलात बसवले. सापळ्याच्या खुणा आधी लाल आणि वाटेच्या हिरव्या ठरल्या होत्या. आमच्या खेळाडूंतल्या एकाला लाल-हिरवा फरक कळत नाही. आता सापळा म्हणजे त्रिकोण, वाट म्हणजे तुटक रेघ, आणि रंगाचा एक खर्चही वाचला.

छपाईचा एक भाग मला फार आवडतो, तो सांगते. मध्ये पिना मारलेल्या ३२ पानांच्या पुस्तिकेत १६ आणि १७ एवढीच समोरासमोरची पानं एका सलग कागदावर येतात. बाकी प्रत्येक जोडी दोन वेगळ्या कागदांची असते. घडी केसभर सरकली की डाव्या पानावरची भिंत उजव्या पानावर जुळत नाही. म्हणून खेळाडूंचा मोठा नकाशा, चोरवाटा वगळून, १६-१७ वर. पिना हलकेच उचकटल्या की तो कागद सुटा होऊन टेबलावर पसरता येतो. पण मग त्याच कागदाच्या पाठीवर असलेली १५ आणि १८ ही पानंही जाणार. तिथे सूत्रधाराचं गुपित ठेवलं तर संपलंच. तिथे आम्ही खेळाडूंना द्यायची चित्रं ठेवली. मोर-साप १८ वर आहे. असं एक पान जागेवर बसवायला लेखकाला दोन परिच्छेद कापावे लागले, एक खोली गाळावी लागली. त्याने कुरकुर केली, पण कापले. शिवाय पिनांच्या पुस्तिकेत आतली पानं कडेने बाहेर येतात आणि कटिंगमध्ये त्यांचीच कड जास्त उडते, म्हणून मधल्या पानांवर कडेला काहीही ठेवलं नाही.

कागदावरूनही वाद झाला. पोरांना चकचकीत आर्ट पेपर हवा होता, महागड्या परदेशी पुस्तकांसारखा. त्याच्यावर दिवा चमकतो आणि पेन्सिल उमटत नाही. सूत्रधार समासात सतत लिहीत असतो: कोण जखमी, किती तेल उरलं, कोण कोणाशी खोटं बोललं. साधा मॅपलिथो घेतला. चित्रकार मुलीला काळ्या दगडाचे मोठे भरीव काळे भाग हवे होते. आमच्याकडच्या मशीनवर असा काळा डागाळतो, म्हणून तिने सगळा अंधार रेघांनी विणला. रेघांची चित्रं १२०० डीपीआयला, निव्वळ काळी-पांढरी स्कॅन केली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र मी हातात घेत नाही, डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आपल्या कार्यालयाला पोरांनी कसं पाठवलं, ते मी विचारलेलं नाही.

लेखाच्या शेवटी आपल्या लेखकाने सुचवलं आहे की पुढच्या वेळी चित्रं संगणकाकडून फुकटात काढून घेता येतील. मला यंत्राचा राग नाही. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांचं काम संगणकाने घेतलं, तेव्हा त्यांच्या जागी बसून मीच पोट भरलं. भाच्याने हा प्रयोग केलाही होता. मठाचं तळघर मागितलं, तर देखणं चित्र आलं, आणि खांब मोजले तर डावीकडे ४, उजवीकडे ५. परत मागितलं तर दाराची जागा बदलली. कादंबरीच्या कव्हरला ते चालून गेलं असतं. इथे पोरं पाचव्या खांबावर बोट ठेवून विचारतात, हा कशाला आहे? आणि सूत्रधाराकडे उत्तर नसतं, कारण तो खांब कोणी तिथे ठेवलेलाच नाही. आमच्या चित्रातल्या तुटक्या खांबाबद्दल विचारा, चित्रकार मुलगी अर्धा तास सांगेल. मोर-सापाचं चित्र तर असं मागवून बघाच आणि मग दोरा लावा.

फुकट या शब्दाबद्दल थोडं. आमच्या भागात चित्रकाराला ‘तू तर हौसेने काढतेस’ म्हणून चहा पाजून वाटेला लावायची रीत आहे. डीटीपीवालीला निदान पानामागे दर तरी मिळतो. या पुस्तिकेत खर्चाचा हिशेब मांडताना कागद, प्लेट, छपाई, बाइंडिंग सगळं होतं, चित्रांचा रकानाच नव्हता. तो मी घालायला लावला. विक्रीतून आलेल्या पैशांत तिचा आणि लेखकाचा वाटा सारखा आहे. पोरं चांगली आहेत, त्यांच्या डोक्यातच नव्हतं. कारण त्यांनी वाचलेल्या प्रत्येक लेखात लेखकाचं नाव असतं आणि चित्रं आपोआप उगवलेली असतात.

तेव्हा विनंती अशी की चित्र पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली तिचं नाव छापावं. ते पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर आहे. तिथे लेखक, चित्रकार आणि मांडणी अशी तीन नावं एकाखाली एक, एकाच आकारात आणि एकाच जाडीत लावली आहेत. पुढचं साहस लळिंगच्या किल्ल्यावर घ्यायचं घाटतंय. त्या कामात चित्रांचं मानधन आधी ठरलं आहे, गोष्ट अजून ठरायची आहे.

आपली वाचक,
चाळीसगाव
(माझं नाव त्याच पानावर तिसरं आहे.)